श्वास, शहर आणि गाजरगवत

ताप येतो आणि उतरतो. देवी किंवा पटकीसारखी साथ आली, तर ती गाव हादरवून निघून जाते. दम्याची रीत मात्र निराळी आहे. तो घरात बिऱ्हाड करून राहतो. महिनोन् महिने त्याची चाहूल लागत नाही आणि मग एखाद्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास घरधनी अंथरुणात उठून बसतो, खिडकीचे गज धरतो, आणि जी गोष्ट जन्मापासून फुकट मिळत आली त्या हवेसाठी त्याला झगडावे लागते. दमा दमाबरोबरच जातो, अशा अर्थाची एक म्हण हिंदीत आहे. तीत निराशा आहे, परंतु अनुभवही आहे. ज्याच्याशी कायमचा सहवास ठेवावयाचा त्याचा स्वभाव जाणून घेणे एवढाच मार्ग उरतो. दमा कशाने चाळवतो, हा प्रश्न म्हणूनच त्या रोगाइतका जुना आहे. औषधांच्या इतिहासापेक्षाही ह्या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास अधिक बोधप्रद आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. ह्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन वाचताना आजच्या दम्याच्या रुग्णाला स्वतःचीच कहाणी वाचल्यासारखे वाटेल. आडवे पडले की त्रास वाढतो, उठून बसले की आराम वाटतो, गरम पदार्थ हवेसे वाटतात, हे त्यात आहेच. पण धूळ, धूर, थंडी, ढगाळ हवा, पाऊस आणि पूर्वेकडचा वारा ह्यांनी हा रोग बळावतो, हेही त्या प्राचीन निरीक्षकांनी टिपून ठेवले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसताना, केवळ रुग्णाच्या उशाशी बसून केलेले हे निरीक्षण आहे, आणि त्यातील एकही नाव आजच्या वैद्यकाला खोडून काढावे लागलेले नाही.

युरोपात ह्या शोधाला गती दिली ती स्वतः दम्याने पीडलेल्या वैद्यांनीच. जॉन फ्लॉयर ह्या इंग्रज वैद्याने १६९८ साली दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याच्या स्वतःच्या झटक्यांची बारकाईने केलेली नोंद आहे. हेन्री हाइड सॉल्टर ह्याचा ग्रंथ १८६० चा. मांजर जवळ आले की आपल्याला धाप लागते, हे त्याने स्वतःवरच पडताळून पाहिले होते. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली ह्याची चिकाटी तर विलक्षण म्हणावी लागेल. उन्हाळ्यात त्याला शिंका आणि धाप ह्यांचा उपद्रव होई. गवताच्या परागांचा संशय येताच त्याने ते पराग मुद्दाम हुंगून पाहिले, आणि हवेत ते किती उंच जातात हे पाहण्यासाठी चिकट द्रव्य लावलेल्या काचा पतंगाला बांधून आकाशात चढविल्या. त्याचे संशोधन १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या व्हिएन्नाच्या डॉक्टरने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. १९६४ च्या सुमारास हॉलंडमधील लायडेन येथील संशोधकांनी घरातल्या धुळीचा खरा गुन्हेगार शोधून काढला. गाद्याउशांत राहणारा आणि माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारा तो एक अतिसूक्ष्म, कोळ्याच्या जातीचा जीव होता.

ही झाली जगाची गोष्ट. हाच शोध एका भारतीय शहरात कसा चालला, हे पाहण्यासाठी बेंगळुरूइतके योग्य शहर दुसरे सापडणे कठीण. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे हे शहर शतकानुशतके आपल्या हवेसाठीच प्रसिद्ध होते. केंपेगौडाने १५३७ साली येथे कोट बांधला. १६३८ साली विजापूरकरांनी तो जिंकला आणि पुढे जहागिरीच्या रूपाने तो शहाजीराजांच्या हाती आला. मराठी माणसाचा ह्या गावाशी संबंध असा पावणेचारशे वर्षांहून जुना आहे. १६८७ साली मोगलांनी ते घेतले आणि लगेच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या स्वाधीन केले. १८०९ साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली, तीही मुख्यतः ह्या थंड हवेकडे पाहूनच. नंतरच्या काळात निवृत्तीनंतर येथे घर बांधणारे, छातीच्या दुखण्यासाठी हवापालट म्हणून येथे येणारे कितीतरी लोक होते.

ह्या शहरातील वसाहतींचा इतिहासही हवेशीच जोडलेला आहे. १८९८ साली येथे प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या पेठांत माणसे पटापट दगावू लागली, तेव्हा रुंद रस्ते, मोकळे चौक आणि घराभोवती आवार असलेल्या बसवनगुडी व मल्लेश्वरम् ह्या नव्या वस्त्या आखण्यात आल्या. माणसाला मोकळी हवा मिळावी, हा त्या आखणीमागचा विचार होता. ‘लेआउट’ हा शब्द पुढे येथील लोकभाषेत रुळला. १९४५ साली नगर सुधार मंडळ आणि १९७६ साली बंगलोर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शहर चहूकडे पसरत गेले. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता ह्यांच्या दरम्यान, अगर तळ्याच्या काठी जी वसाहत ह्या प्राधिकरणाने आखली, तीच आजची एचएसआर लेआउट. नावातील तीन अक्षरे त्या दोन रस्त्यांचीच आठवण देतात. जेथे पूर्वी शेते आणि तळी होती, तेथे सात विभागांत चौकोनी भूखंड पडले. १९५१ च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती सुमारे आठ लाख होती, ते २०११ मध्ये पंच्याऐंशी लाखांच्या घरात पोहोचले. संगणक-उद्योगाच्या ओढीने पुण्या-सोलापूरकडून, बेळगाव-धारवाडकडून आलेली मराठी कुटुंबेही ह्या नव्या वसाहतींतून राहू लागली.

आणि मोकळ्या हवेच्या ह्या शहरात श्वासाची तक्रार वाढू लागली. बंगलोरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश ह्यांनी ह्याची पद्धतशीर नोंद ठेवली. रुग्णालयात आलेल्या अठरा वर्षांखालील वीस हजार मुलांच्या त्यांच्या पाहणीत दम्याचे प्रमाण १९७९ साली नऊ टक्के होते. १९८९ साली ते साडेअठरा टक्के झाले आणि १९९९ साली साडेएकोणतीस टक्क्यांवर गेले. रुग्णालयात येणारी मुले म्हणजे साऱ्या शहरातील मुले नव्हेत, हे खरे. पण त्यांनी शाळाशाळांतूनही पाहणी केली. बारा शाळांतील साडेसहा हजार मुलांत, तुरळक रहदारीच्या भागातील शाळांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे अकरा टक्के भरले, गजबजलेल्या रस्त्यांवरील शाळांमध्ये एकोणीस टक्के, आणि जेथे गजबजलेला रस्ता व घरची गरिबी ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथे एकतीस टक्के. शहर एकच, हवामान एकच. पण मूल कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या घरात वाढते ह्यावर त्याचा श्वास अवलंबून राहिला. ‘इथली हवाच बाधते’ ह्या सरधोपट उत्तराला ह्या आकड्यांनी धक्का दिला.

हवेत नेमके आहे तरी काय, ह्या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातून चालत आले होते. १९५१ साली पुण्यात उकिरड्यांवर एक अनोळखी झुडूप प्रा. परांजपे ह्यांच्या दृष्टीस पडले. पाने गाजराच्या पानांसारखी, वर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. १९५६ साली आर. एस. राव ह्यांनी त्याची शास्त्रीय नोंद मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. मूळ देश उष्णकटिबंधातील अमेरिका. लोकांनी त्याला गाजरगवत म्हटले, कोणी चटकचांदणी म्हटले, आणि पांढऱ्या टोप्यांच्या आठवणीने म्हणा किंवा राज्यकर्त्यांवरील रागाने म्हणा, ‘काँग्रेस गवत’ हे नावही त्याला चिकटले. कानडी मुलखातही ते काँग्रेसच्याच नावाने ओळखले जाते.

ते आले कोठून, ह्याविषयी एक कथा घरोघर सांगितली जाते. अमेरिकेतून ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली जो गहू आला, त्यात ह्या गवताचे बी होते, अशी ती कथा. ती इतकी सर्वमान्य आहे की पाठ्यपुस्तकांतही तिला जागा मिळाली. परंतु तारखा जुळत नाहीत. तो अमेरिकन कायदा झाला १९५४ साली. त्याखाली भारताशी करार झाला १९५६ साली. आणि पुण्याच्या उकिरड्यावर रोप दिसले ते त्याच्या पाच वर्षे आधी. इतकेच नव्हे, तर विल्यम रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या, कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या यादीतही ह्या वनस्पतीचे नाव असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परदेशी धान्यातून त्याचे बी आलेच नसेल असे ह्यावरून सिद्ध होत नाही. अन्नटंचाईच्या त्या काळात अमेरिकेचा गहू १९५१ सालीही कर्जाऊ घेण्यात आला होता. पण एका विशिष्ट करारावर सारा दोष टाकणे हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडल्याचा प्रकार होय. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असे मानण्याकडे माणसाच्या मनाचा ओढा असतो. इतिहासकाराला ह्या ओढीपासून जपावे लागते. आणि दम्याच्या रुग्णालाही.

वाहनांच्या चाकांना लागून, खडी-मातीच्या ढिगांतून, शेणखतातून, वाऱ्यावर उडून हे गवत देशभर पसरले. एकेका झाडाला हजारो बिया, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलोरा, जनावर त्याला तोंड लावीत नाही, आणि जेथे माती उकरलेली व जागा रिकामी, तेथे त्याचे राज्य! वाढत्या शहराच्या कडेला अशा जागांना काय तोटा? भूखंड आखले गेले पण घरे उठली नाहीत, तेथे पहिला रहिवासी म्हणून हे गवतच राहावयास आले. बंगलोरभोवती त्याचा फैलाव इतका झाला की १९७५ साली कर्नाटक शासनाने कायद्याने त्याला घातक तण म्हणून घोषित केले.

त्याचा उपद्रव प्रथम दिसला तो त्वचेवर. पुण्याच्या परिसरातील शेतकऱ्यांना व मजुरांना चेहरा, मान आणि हात ह्यांवर चिवट इसब होऊ लागले. १९७४ साली ह्या रोगाचे सविस्तर वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले. गवताच्या केसाळ पानांतील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्याला कारण ठरले. श्वासाचे कोडे मात्र अधिक गुंतागुंतीचे होते, कारण नाकात आणि छातीत शिरतात ते पराग, आणि परागांची बाधा ही निराळ्या जातीची बाधा आहे. त्वचेवरचे इसब उमटावयास दिवस लागतात. परागांनी येणारी शिंक मिनिटांत येते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हे कोडे हाती घेतले. १९९१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून, नाक सतत वाहणाऱ्या येथील अनेक रुग्णांच्या शरीरात गाजरगवताच्या परागांविरुद्ध तत्काळ प्रतिक्रिया देणारी प्रतिद्रव्ये असतात, हे सिद्ध झाले. नंतर असेही दिसले की अमेरिकेत कुप्रसिद्ध असलेल्या ‘रॅगवीड’ ह्या त्याच्या भाऊबंदाचे पराग आणि ह्याचे पराग शरीराला बरेचसे सारखेच भासतात.

ह्याच काळात बंगलोर विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. श्रीपाद आगाशे हवेतील परागांचा माग काढीत होते. ब्लॅकलीने पतंगाला काचा बांधल्या होत्या; येथे यंत्रांतून चिकट पट्ट्यांवर परागकण पकडून ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले. त्यातून ह्या शहराचे परागपंचांग तयार झाले. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाचे, कोणत्या गवताचे पराग हवेत किती, हे त्यात मांडले होते. पंचांग पाहून मुहूर्त काढण्याची सवय असलेल्या समाजाला हे नवे पंचांग खरे तर अधिक उपयोगी पडावयास हवे होते. उद्याननगरीत बाराही महिने काही ना काही फुलत असते. सुरू, निलगिरी, नाना प्रकारची गवते ह्यांची पाळी लागलेली असते, आणि पावसाळ्यात गाजरगवत बहरावर असते.

ह्या गवताशी लढण्याचा एक प्रयत्नही बंगलोरलाच झाला. १९८३ साली मेक्सिकोहून एक लहानसा, पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा आणण्यात आला. तो आणि त्याची अळी गाजरगवताच्या पानांवर जगतात. पुरेशा चाचण्यांनंतर १९८४ साली त्याला मोकळे सोडण्यात आले. काही वर्षांतच शहराच्या आसपास पावसाळ्यात गवताची झाडे पानाविना उभी दिसू लागली. पुढे हाच भुंगा सूर्यफुलावर आढळल्याने मोठा वादही माजला. भुंगा आजही आपले काम करीत आहे. पण थंडीत व उन्हाळ्यात तो जमिनीत झोपी जातो, आणि मातीत पडून राहिलेल्या बियांना घाई नसते. गवत नामशेष झालेले नाही. ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि नाकातोंडावर फडके बांधून, मुळासकट उपटणे हाच साधा उपाय राहिला आहे. मात्र तो दम्याच्या रुग्णाने करावयाचा नाही.

एवढे सारे झाल्यावर, बेंगळुरूच्या दम्याचा गुन्हेगार सापडला, तो गाजरगवत, असे म्हणून हा इतिहास संपविता आला असता तर किती सोयीचे झाले असते! पण तसे करणे म्हणजे गव्हाच्या कथेचीच पुनरावृत्ती होय. एचएसआर लेआउटमधील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांना दमा आहे. समोरच्या रिकाम्या भूखंडावर गाजरगवत आहे, हे खरे. पण शेजारच्या भूखंडावर इमारत उठत आहे आणि तिची सिमेंटची धूळ खिडकीतून येत आहे. थोड्या अंतरावर सिल्क बोर्डाच्या चौकात वाहनांची रांग हलता हलत नाही; ह्या शहरातील वाहनांची संख्या आता एक कोटीच्या पलीकडे गेली आहे. जवळच्याच बेळ्ळंदूर तलावाने २०१७ आणि २०१८ साली पेट घेतला होता, तेव्हा तर पाण्यावरून धूर उठताना लोकांनी पाहिला. आणि घरात? घरात सासरहून आलेली, वर्षानुवर्षे ऊन न पाहिलेली कापसाची गादी आहे. देवघरात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती व धूप आहे, रात्री डासांची कॉइल आहे, पावसाळ्यात ओल आलेली भिंत आणि तिच्यावरची बुरशी आहे, मोरीत झुरळे आहेत, आणि फोडणीचा ठसका तर आहेच. शिवाय सर्दी-पडसे, डिसेंबरातील पहाटेचे गारठ्याचे फिरणे, एखादी वेदनाशामक गोळी, मनाचा क्षोभ हेही आहेतच. ह्यांतील कोणता धागा ओढला असता आजोबांचा श्वास अडतो?

घरातील माणसे बहुधा उत्तर देतात की केळे खाल्ले, दही खाल्ले. बिचारे आजोबा एकेक पदार्थ सोडीत जातात, आणि उदबत्ती तशीच जळत राहते. काही थोड्यांना अन्नही बाधते, हे नाकारता येत नाही. पण बहुसंख्यांचा शत्रू ताटात नसून हवेत असतो. तो ओळखण्याची रीत फ्लॉयरच्या काळी होती तीच आजही आहे, ती म्हणजे नोंदवही. झटका कोणत्या दिवशी आला, किती वाजता, कोणत्या खोलीत, त्याआधी काय झाडले, काय जाळले, बाहेर काय फुलले होते, हे महिनोन् महिने लिहिले की योगायोग गळून पडतो आणि कारण शिल्लक राहते. १९५९ साली राइट ह्या इंग्रज संशोधकाने जोराने फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारे यंत्र तयार केले. त्याची लहानशी आवृत्ती आज औषधांच्या दुकानात मिळते. रोज सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकून आकडा लिहिला, तर धाप लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच तो घसरू लागल्याचे पुष्कळदा दिसते. नोंदवहीला मग साक्षीदार मिळतो. त्वचेवरील चाचणी ही त्यानंतरची पायरी. ती संशयिताचे नाव पक्के करते, पण संशय घेण्याचे काम रुग्णालाच करावे लागते.

शत्रू ओळखला तरी प्रत्येक वेळी त्याला टाळता येतेच असे नाही. गादीला ऊन दाखविता येते, चादरी कढत पाण्यात धुता येतात, उदबत्ती विझविता येते. चौकातील रहदारी एकट्या माणसाला थांबविता येत नाही. तेथे औषधाला पर्याय नाही. त्याही इतिहासात भारताचे नाव आहे. धोतऱ्याचा धूर ओढून दमा शमविण्याची येथील रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला गेली आणि शतकभर युरोपात दम्याच्या सिगारेटी खपल्या. १९५६ साली तोंडात फवारा मारणारे इनहेलर निघाले, आणि १९७२ साली श्वासनलिकेची सूज आतूनच शमविणारे स्टेरॉइड त्यातून देता येऊ लागले. हा बदल फार मोठा होता. दमा म्हणजे केवळ नळीचे आकसणे नव्हे, तर मुळात तिची सूज, हे त्यामागचे तत्त्व होय. तात्पुरता आराम देणाऱ्या फवाऱ्यावरच विसंबून राहू नये, सूज शमविणारे औषधही घ्यावे, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ साली स्पष्टच सांगितले. तरीही पुष्कळ घरांत ‘पंपाची सवय लागते’ ह्या भीतीने मुलीचे इनहेलर लपवून ठेवले जाते, आणि बरे वाटू लागताच औषध बंद होते. जागतिक पाहण्यांच्या अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. रुग्णांतील वाटा मात्र ह्याहून पुष्कळच कमी आहे. ह्या दोन प्रमाणांमधील अंतर हे रोगाचे नाही. ते उशिरा झालेल्या निदानाचे, न मिळालेल्या औषधाचे आणि चुकीच्या समजुतींचे आहे.

प्लेगने घाबरलेल्या शहराने १८९८ साली मोकळ्या हवेसाठी नव्या वस्त्या आखल्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर त्याच शहराच्या नव्या वस्तीत माणूस रात्री उठून हवेसाठी खिडकी उघडतो आणि तीच हवा आत येऊ द्यावी की न द्यावी, असा प्रश्न त्याला पडतो. ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नगररचनेच्या, रहदारीच्या, कचऱ्याच्या आणि पडीक भूखंडांच्या कारभारात आहे; ते साऱ्या शहराने मिळून शोधावयाचे आहे. उरलेले अर्धे उत्तर त्याच्या उशाशी ठेवलेल्या नोंदवहीत आहे. गाजरगवताचा दोष गव्हाच्या पोत्यावर टाकण्यापूर्वी ज्याने तारखा पडताळून पाहिल्या, त्याच धीराने दम्याच्या रुग्णाने आपल्या दिवसांच्या तारखा पडताळल्या, तर हा जुना सोबती घरातून जाईलच असे नाही. पण घराचा मालक मात्र तो राहणार नाही.